खारवट जमीन आणि केंद्रकातले पाच लहान आरएनए



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र मराठीतून शिकवलं. म्हणून आजचा विषय मुद्दाम अवघड निवडला आहे. वनस्पतीच्या पेशीच्या केंद्रकात काही अगदी लहान आरएनए असतात. त्यांची रचना काय, त्यांचं काम काय आणि आपल्या बारामती-इंदापूर भागातल्या उसाशी, डाळिंबाशी त्यांचा संबंध काय, हे आज मांडायचं आहे.

सुरुवात जमिनीपासून करू. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वाहू लागला. भाटघरचं पाणी बारामतीच्या दुष्काळी काळ्या रानात आलं, पाठोपाठ ऊस आला, आणि काही वर्षांतच खोलगट रानांत पांढरा थर वर येऊ लागला. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर अहवाल लिहिला आणि मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यानं तो प्रसिद्ध केला. मान त्या वेळी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे आपल्या चोपण रानाची तक्रार शंभर वर्षांहून अधिक काळ कागदावर आहे. कालव्याच्या शेपटाकडे, इंदापूरच्या बाजूला गेलं की दुखणं उलटं होतं. तिथं आवर्तन लांबलं की पीक सुकतं. एका बाजूला मीठ, दुसऱ्या बाजूला कोरड. झाडाच्या मुळाला मात्र दोन्ही सारखंच जाणवतं, कारण मातीत मीठ वाढलं की पाणी समोर असूनही मुळाला ते ओढता येत नाही.

२१ फेब्रुवारी २००९ रोजी माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची पायाभरणी झाली, ती याच प्रश्नासाठी. तेव्हापासून मला एक प्रश्न सतत विचारला जातो: मीठ सोसणारं जनुक कोणतं? प्रश्न रास्त आहे. पण एवढ्यावर थांबलो तर उत्तर अर्धंच हाती लागतं. जनुक झाडात असणं ही पहिली पायरी झाली. त्या जनुकाची जी नक्कल निघते, ती कापून-जोडून नीट तयार झाली की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ही कापाकापी ज्या लहान आरएनएंच्या हातात आहे, त्यांच्याकडे आपण शेतीच्या दृष्टीनं पुरेसं पाहिलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता थोडं मूळ शास्त्र. १९७७ पर्यंत समज असा होता की जनुकातला मजकूर सलग असतो. त्या वर्षी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी, स्वतंत्रपणे, एका विषाणूच्या जनुकांवर काम करताना दाखवलं की मजकूर तुकड्यातुकड्यांत असतो आणि मध्ये अशी लांबण असते जिचं प्रथिन होत नाही. उपयोगाच्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात, मधल्या लांबणीला इंट्रॉन. या शोधासाठी दोघांना १९९३ चं नोबेल मिळालं. जनुकाची आरएनए-नक्कल आधी इंट्रॉनसकट निघते. मग इंट्रॉन कापून टाकायचे, एक्सॉन एकमेकांना जोडायचे आणि तो तयार निरोप केंद्रकाबाहेर पाठवायचा. या प्रक्रियेला स्प्लायसिंग म्हणतात.

उसाचं बेणं तोडताना कोयतेवाला डोळा राखून कांड्यावर घाव घालतो. घाव बोटभर इकडे-तिकडे झाला तरी टिपरी उगवते. केंद्रकातल्या कापणीला तेवढी सवलत नाही. आरएनएमधली तीन-तीन अक्षरं मिळून प्रथिनातला एक घटक ठरतो. काप एका अक्षरानं सरकला तरी पुढचे सगळे तिनाचे गट विस्कटतात आणि प्रथिन मध्येच तुटतं.

इतका नेमका काप कोण मारतं? १९७९-८० मध्ये जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी याचा माग एका आजारावरून काढला. ल्युपस या आजारात शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. अशा रुग्णांच्या रक्तद्रवातली काही प्रतिपिंडं केंद्रकातल्या ज्या कणांना चिकटत होती, त्या कणांत प्रथिनांबरोबर लहान आरएनए सापडले. त्यांत युरिडीन हा घटक भरपूर, म्हणून त्यांना यू-१, यू-२ अशी नावं पडली. यू-१ ची सुरुवातीची अक्षरं इंट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांशी जोडीनं जुळतात, हे त्यांच्या लक्षात आलं. आजारी माणसाच्या रक्तातून निघालेला हा धागा उसाच्या पानापर्यंत येऊन पोहोचतो, कारण ही यंत्रणा बुरशीपासून माणसापर्यंत आणि वडाच्या झाडापर्यंत एकाच घराण्यातली आहे.

मुख्य आरएनए पाच: यू-१, यू-२, यू-४, यू-५ आणि यू-६. लांबी शंभर ते दोनशे अक्षरांच्या आसपास. वनस्पतींतला यू-६ तर जेमतेम १०२ अक्षरांचा. हे आरएनए सरळ दोरीसारखे नसतात. स्वतःवरच दुमडून त्यांच्या दांड्या आणि फासे तयार होतात. यू-१ दुमडून चौफुल्यासारखा होतो आणि त्याचं पुढचं टोक मोकळं राहतं, कारण त्या टोकानंच इंट्रॉनची सुरुवात ओळखायची असते. इंट्रॉन जवळपास नेहमी जी-यू या जोडीनं सुरू होतो आणि ए-जी या जोडीनं संपतो. यू-२ इंट्रॉनच्या आतल्या एका ठरावीक जागी जुळतो, पण तिथलं एक ए हे अक्षर जोडीविना बाहेर फुगवून ठेवतो. हे फुगलेलं अक्षरच पुढे इंट्रॉनच्या सुरुवातीवर हल्ला करतं. यू-४ आणि यू-६ एकमेकांना घट्ट बिलगून येतात. यू-५ एक्सॉनची दोन्ही टोकं धरून ठेवतो. सगळे जमले की यू-४ सुटतो, यू-१ जागा सोडतो आणि मोकळा झालेला यू-६ त्या जागी येऊन यू-२ शी जोडी करतो. या जोडीच्या कुशीत मॅग्नेशियमचे दोन आयन बसतात आणि काप तिथं होतो. प्रत्यक्ष कापण्याचं काम प्रथिन करत नाही, यू-६ आरएनए करतो, हे यीस्टवरच्या प्रयोगांतून २०१३ मध्ये पक्कं झालं. या पाचांशिवाय यू-११, यू-१२ असे दुसऱ्या फळीचेही आहेत, ते अगदी थोड्या इंट्रॉनसाठी. त्यांच्यात आज शिरत नाही.

या कापणीचं एक उदाहरण तुम्ही सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे, फक्त तेव्हा त्याचं कारण कुणी सांगितलं नाही. मेंडेलनं १८६५ मध्ये वाटाण्याचे प्रयोग मांडले. जांभळी फुलं प्रभावी, पांढरी अप्रभावी. पांढरं फूल पांढरं का, याचं रेणूंच्या पातळीवरचं उत्तर २०१० मध्ये मिळालं. रंग तयार करणाऱ्या जनुकांना चालू करणारं एक जनुक आहे. त्याच्या सहाव्या इंट्रॉनच्या अगदी सुरुवातीला जी च्या जागी ए आलं आहे. यू-१ ला तिथली खूण ओळखता येत नाही. मग काप थोडा पुढच्या दुसऱ्या खुणेवर पडतो, निरोपात आठ अक्षरं जास्तीची शिरतात आणि प्रथिन मध्येच खुंटतं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांतल्या त्या पांढऱ्या फुलाचं मूळ कारण चुकीच्या जागी पडलेला काप आहे.

दुसरं उदाहरण ताटातलं. भातातला अमायलोज हा पिष्टाचा प्रकार वॅक्सी नावाच्या जनुकावर ठरतो. जपानी पद्धतीच्या जातींत या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनच्या आरंभी जी-टी ऐवजी टी-टी आहे (डीएनएतलं टी म्हणजेच आरएनएतलं यू). काप नीट पडत नाही, तयार निरोप कमी निघतो, अमायलोज कमी होतं आणि भात चिकट होतो. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की हा दोष हवामानावर कमी-जास्त होतो. दाणा भरताना हवा थंड असेल तर काप तुलनेनं बरा पडतो आणि अमायलोज वाढतं. जनुक तेच, शेत तेच, पण तापमान बदललं की कापणी बदलते आणि शिजलेला भातही बदलतो. ऊन, मीठ, कोरड या गोष्टी जनुकाच्या मजकुरात एक अक्षरही न बदलता पिकावर परिणाम करू शकतात, याचा इतका सोपा पुरावा दुसरा मला माहीत नाही.

इथपर्यंत जे सांगितलं त्यातलं बरंचसं प्राण्यांतही आहे. वनस्पतींनी मात्र काही गोष्टी आपल्या वेगळ्या ठेवल्या आहेत. आपले, म्हणजे माणसाचे, इंट्रॉन हजारो अक्षरांचे असतात. वनस्पतींचे बहुधा आखूड असतात आणि त्यांत ए आणि यू ही अक्षरं दाटीनं असतात. ती दाटी असल्याशिवाय द्विदल झाडाच्या पेशीला इंट्रॉन ओळखता येत नाही, हे १९८९ मध्ये गुडॉल आणि फिलिपोविच यांनी दाखवलं. म्हणूनच प्राण्याचं जनुक इंट्रॉनसकट उचलून झाडात घातलं तर ते नीट कापलं जाईलच याचा भरवसा नाही.

बाझेलमधल्या याच फिलिपोविच यांच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग झाला, तो मला अतिशय आवडतो. हे लहान आरएनए तयार करायला पेशीत दोन वेगळी यंत्रं आहेत. यू-१, यू-२, यू-४, यू-५ यांना दुसऱ्या क्रमांकाचं पॉलिमरेज तयार करतं, यू-६ ला तिसऱ्या क्रमांकाचं. वनस्पतींत या सगळ्या जनुकांच्या आधी त्याच दोन खुणा असतात, एक जवळची आणि एक लांबची. खुणा सारख्या, मग कोणत्या यंत्रानं यायचं हे ठरतं कशावर? वाइबेल आणि फिलिपोविच यांनी १९९० मध्ये दाखवलं की ते दोन खुणांमधल्या अंतरावर ठरतं. यू-६ मध्ये हे अंतर दहाएक अक्षरांनी कमी आहे. डीएनएच्या पिळाचा एक वेढा साधारण दहा अक्षरांचा असतो, म्हणजे फरक बरोबर एका वेढ्याचा. त्यांनी यू-२ च्या जनुकातलं अंतर तेवढं कमी केलं, तर तिसरं पॉलिमरेज आलं. यू-६ मध्ये वाढवलं, तर दुसरं आलं. विद्यार्थ्यांनो, या प्रयोगाला मोठं यंत्र लागलं नव्हतं. प्रश्न नेमका होता, म्हणून उत्तर नेमकं आलं.

आता परत आपल्या रानात येऊ. अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. तिचा संपूर्ण जनुकसंच २००० साली वाचला गेला आणि पुढच्या मोजणीत तिच्यात या लहान आरएनएंची ७४ जनुकं सापडली. २००१ मध्ये तिच्यात एक उत्परिवर्तित रोप सापडलं, जे पाण्याच्या ताणाला आणि ॲब्सिसिक आम्ल या ताणाच्या संप्रेरकाला फार हळवं होतं. त्याला सॅड-१ हे नाव मिळालं. बिघडलेलं जनुक शोधल्यावर ते मीठ बाहेर फेकणारं निघालं नाही, पाणी धरणारंही निघालं नाही. ते एलएसएम-५ नावाच्या प्रथिनाचं निघालं. अशी सात प्रथिनं मिळून एक कडं तयार करतात आणि ते कडं यू-६ आरएनएच्या शेपटीला बसून त्याला सांभाळतं. २०१४ मध्ये पुढचा खुलासा झाला: हे प्रथिन बिघडलं की कापणीतल्या चुका वाढतात, मीठ दिल्यावर त्या आणखी वाढतात, आणि हेच प्रथिन रोपात जास्त तयार करवलं तर कापणीची अचूकता सुधारते आणि रोप मीठ जास्त सोसतं. माळेगावच्या माळावर ज्याचा शोध चालू आहे, त्याची एक वाट यू-६ च्या शेपटीपाशी जाते.

प्रोलिनचं उदाहरण आणखी जवळचं आहे. इथं बसलेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं प्रोलिन मोजलेलं असेल. ताणातलं पान सल्फोसॅलिसिलिक आम्लात खलायचं, गाळायचं, निनहायड्रिन घालून तासभर उकळत्या पाण्यात ठेवायचं, बर्फात गार करायचं, टोल्युइन घालून जोरात हलवायचं. थर वेगळे होतात आणि वरच्या टोल्युइनच्या थरात तांबूस रंग उतरतो. ५२० नॅनोमीटरला त्या रंगाची दाटी मोजली की प्रोलिन किती ते कळतं. रंग गडद म्हणजे रोपानं ताणाला उत्तर दिलं. पण तो रंग फिका का आला, हे नळीकडे पाहून कळत नाही. प्रोलिन बनवणारं मुख्य जनुक पी-५-सीएस-१. अरॅबिडॉप्सिसच्या काही नैसर्गिक वाणांत या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये अक्षरांचे छोटे फरक आहेत. त्यांमुळे कापताना तिसरा एक्सॉन इंट्रॉनबरोबरच गळून पडतो आणि प्रथिन निकामी होतं. रवी केसरी आणि पॉल व्हर्सल्यूज यांच्या गटानं हे २०१२ मध्ये दाखवलं. जनुक शाबूत, त्याची नक्कलही निघते, आणि तरी नळीतला रंग फिका. आपण दर वर्षी अनेक वाणांचं प्रोलिन मोजतो, तक्ते छापतो. त्यांतल्या किती वाणांत निरोप कसा कापला जातो हे तपासलं? या प्रश्नावर आपल्या विद्यापीठांनी काम करायला हवं.

निमगाव केतकीच्या बाजूचे डाळिंबवाले बसले आहेत, त्यांच्यासाठी फुलोऱ्याबद्दल थोडं. तुम्ही बहर धरताना बागेचं पाणी तोडता, पानगळ करता आणि मग पाणी सोडून फुलकळी काढता. झाड फुलावर केव्हा येतं याचाही धागा कापणीपर्यंत जातो. यू-६ मधल्या एका ए अक्षरावर मिथाइलचा छोटा गट चढवणारं फायोना-१ नावाचं प्रथिन वनस्पतींत आहे. ते नसलेलं अरॅबिडॉप्सिसचं रोप वेळेआधी फुलतं, कारण फुलोरा रोखून धरणाऱ्या जनुकांचे निरोप वेगळे कापले जातात. १०२ अक्षरांतल्या एका अक्षरावरची ही खूण, आणि फुलोऱ्याची वेळ हलते. डाळिंबाचा हस्त बहर असाच चालतो असा दावा मी करत नाही. पण डाळिंबाच्या ताणावर काम करणाऱ्यांनी पाण्याच्या नोंदींसोबत कळीतला आरएनएही जपून ठेवावा, एवढा आग्रह जरूर धरतो.

उजनीच्या काठावर टिश्यू कल्चर केळीची लागवड करणाऱ्यांचाही यात वाटा आहे. पक्व पेशी पुन्हा कोवळी होऊन विभागू लागते, तेव्हा पेशीतले हे लहान आरएनए वाढतात. त्यांचं उत्पादन सुरू करणारं एसआरडी-२ नावाचं प्रथिन बिघडलेल्या रोपाचा तुकडा वाढीव तापमानात ठेवला तर त्याला नीट गाठ धरता येत नाही, हे जपानमध्ये ओहतानी आणि सुगियामा यांनी दाखवलं. बाटलीतलं रोप उभं राहण्याआधी पेशी कापणीची तयारी करून घेते.

शेवटी जनुक-संपादनाकडे वळतो, कारण त्याचा सगळीकडे बोलबाला आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताच्या दोन संपादित जाती जाहीर केल्या: डीआरआर धान १०० म्हणजे कमला, आणि पुसा डीएसटी राइस १. दुसरीत मीठ आणि कोरड सोसण्याशी संबंधित जनुकात बदल केला आहे. परकं जनुक न राहणाऱ्या अशा संपादित पिकांना मार्च २०२२ मध्ये केंद्रानं काही कडक नियमांतून सूट दिली होती. या तंत्रात डीएनए कापणाऱ्या कात्रीला वाट दाखवणारा एक छोटा आरएनए लागतो, वीसेक अक्षरांच्या पत्त्याचा. तो झाडाच्या पेशीत तयार करवायला जगभर बहुतेक वेळा यू-६ किंवा यू-३ (केंद्रकातलाच आणखी एक लहान आरएनए) यांच्या जनुकापुढची ती दोन खुणांची पट्टी वापरतात. वनस्पतींत यू-३ सुद्धा तिसरंच पॉलिमरेज तयार करतं, प्राण्यांत तसं नाही. म्हणजे १९९० च्या त्या अंतराच्या प्रयोगावर आजची संपादनाची इमारत उभी आहे. यू-६ चं नाव प्रयोगशाळेच्या प्रत्येक डबीवर लिहिलेलं असतं. पण बहुतेक विद्यार्थ्यांना तो फक्त एक तयार सुटा भाग म्हणून माहीत असतो. तो पेशीत स्वतः काय करतो हेही त्यांना शिकवलं गेलं पाहिजे.

मी सांगितलेलं जवळपास सगळं अरॅबिडॉप्सिस, भात आणि वाटाणा यांच्यावरचं आहे. उसावर हे काम का नाही? कारण ऊस फार गुंतागुंतीचा आहे. त्याची गुणसूत्रं शंभराच्या वर, एकेका जनुकाच्या दहाच्या आसपास प्रती आणि त्या प्रतींमध्ये थोडे थोडे फरक. आर-५७० या वाणाचा जनुकसंच तपशीलवार छापून आला तोच २०२४ मध्ये. आता मात्र सबब उरलेली नाही.

मला जो प्रयोग व्हावासा वाटतो, तो इथंच होऊ शकतो. नीरेकाठच्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथून आलेला फुले २६५ चोपण रानात तग धरतो, हे तुम्ही स्वतः लावून पाहिलं आहे. त्याच्या शेजारी को ८६०३२ लावा. एक पट्टा निचऱ्याच्या रानात, एक पट्टा खारवट रानात, लागण एकाच दिवशी, पाणी एकाच चारीचं. मोठ्या बांधणीआधी आणि नंतर, सकाळी ठरल्या वेळी, वरून तिसऱ्या पानाचे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवा. त्यातला आरएनए वाचा आणि जनुकागणिक मोजा की किती निरोपांत इंट्रॉन तसाच राहून गेला. ताणात वनस्पती ही चूक सर्वाधिक करते. त्याच नमुन्यांत यू-६ आणि त्याच्या शेपटीचं कडं करणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांची पातळी पाहा. दोन्ही वाणांत फरक दिसला, तर पुढच्या निवडीसाठी पैदासकाराच्या हाती नवी खूण येईल. दिसला नाही, तरी तो निकाल छापा, म्हणजे पुढच्या माणसाला तीच वाट पुन्हा तुडवावी लागणार नाही. रानं इथं आहेत, वाण इथं आहेत, संस्था माळेगावला आहे आणि पाडेगाव नदीपल्याड आहे. यंदाच्या आडसालीच्या लागणीला अजून वेळ आहे.